अंगणात फवारण्याआधी विहिरीत डोकावून पाहा

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो ज्या जमिनीवर पडतो ती जांभ्याची. चिरेखाणीतली कापलेली भिंत जवळून पाहिली असेल तर जांभ्यातली भोकं, नळ्या आणि भेगा आठवतील. या दगडात पाणी अडून राहत नाही. म्हणून तर मृग सुरू होऊन थोडे दिवस झाले की तळाला गेलेली विहीर भराभर वर येऊ लागते.

ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर घराभोवतीची हिरवळ कशी राखायची आणि किडींचं काय करायचं, याची निम्मी उत्तरं मिळतात. अंगणात टाकलेल्या युरियाचा, तणनाशकाचा, मुंग्यांच्या पावडरीचा काही भाग पावसाबरोबर जमिनीत मुरतो. उरलेला वाहत गटारात, तिथून व्हाळात, व्हाळातून मानशीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या, अलीकडे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात जातो. खाजनात आपलेच मासे, खेकडे आणि कोळंबी असतात. भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, जुना वाडा असो, पर्वरीतली बंगल्यांची वसाहत असो की साखळीच्या बाजूचं साधं कौलारू घर, पाण्याची वाट तीच. पर्यावरण राखायचं म्हणजे दूरच्या जंगलासाठी काही त्याग करायचा, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते इथे तो घरच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे.

हिरवळ: आपल्या हवेला न मानवणारा थाट

लॉन ही इथल्या हवेसाठी अवघड गोष्ट आहे हे आधी मान्य करावं लागेल. चार महिने गवत पाण्यात बुडतं, पुढचे सात-आठ महिने जवळजवळ थेंब पडत नाही. ज्या देशांत वर्षभर थोडा थोडा पाऊस पडतो तिथला हा प्रकार आहे. तो इथे वर्षभर हिरवागार ठेवायचा तर पाणी, खत आणि औषध या तिन्हींचा मारा करावा लागतो.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत हिरवळ हिरवी ठेवायला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर १०० चौरस मीटर लॉनला रोज ५०० लिटर झाले, महिन्याला १५ हजार. त्याच दिवसांत गावागावांत टँकर फिरत असतात. ओपा, अस्नोडा, चांदेल किंवा साळावली इथे शुद्ध करून नळाने घरी आलेलं पाणी रोज गवतावर ओतणं मला पटत नाही.

लॉन नकोच असं मी म्हणत नाही. मुलांना लोळायला, संध्याकाळी खुर्च्या टाकायला एक तुकडा हवा असतो. तेवढाच ठेवा. बाकीच्या जागेत अबोली, जास्वंद, गवती चहा, हळद लावा, झाडांच्या बुंध्याभोवती पातेरा, म्हणजे वाळलेला पाला पसरा. लॉन ३० चौरस मीटरवर आलं की पाणी, खत, कापणी सगळंच त्या प्रमाणात घटतं आणि नळीसमोर उभं राहायचा वेळही वाचतो.

गवत निवडताना जागेला किती ऊन मिळतं ते आधी पाहा. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळतं ते हरळीच्या, म्हणजे दूर्वांच्याच जातीचं. त्याला दिवसभर ऊन लागतं. आंब्या-फणसाखाली ते विरळ होत जातं, मालकाला वाटतं खत कमी पडलं, आणि मग खतावर खत पडत राहतं. सावलीत रुंद पानांचं कार्पेट गवत बरं टिकतं. दाट सावली असेल तर गवताचा नाद सोडून सावलीत वाढणारी झाडं लावावीत.

लॉन अंथरताना ट्रकने येणाऱ्या लाल मातीचीही चौकशी करा. ती कुठल्या डोंगराची, हा गोव्यात साधा प्रश्न नाही. डोंगरकापणीतून आलेली माती घेणं म्हणजे दुसऱ्या गावचा झरा आटवायला हातभार लावणं. शिवाय बाहेरच्या मातीतून आणि न कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या आणि शंखी गोगलगायींची अंडी आपल्या आवारात येतात. त्यापेक्षा असलेल्या मातीतच चाळलेलं कंपोस्ट मिसळा. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि पाणी फारसं धरत नाही. कुजलेला पाला त्या दोन्हींवर हळूहळू काम करतो. चुना टाकायचा असेल तर मातीची तपासणी करून मगच, अंदाजाने नको.

पुढे कापणी. बहुतेक घरांत गवत फार खाली, अगदी जमिनीलगत कापलं जातं. पानांत गवताचं अन्न तयार होतं. पानच काढून घेतलं की मूळ खोल जात नाही, उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, आणि उघड्या पडलेल्या जागेत तण रुजतं. म्हणून एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, आणि साधारण ५ सेंटिमीटर उंची राखावी. यंत्राचं पातं बोथट असेल तर पानांची टोकं फाटून पिवळी पडतात आणि तो रोग समजून औषध आणलं जातं. कोरड्या दिवसांत कापलेलं गवत तिथेच पसरू द्या, त्यातला नत्र मातीत परत जातो. पावसात मात्र ओल्या गवताचे गठ्ठे कुजून खालचं गवत मारतात, तेव्हा ते उचलून कंपोस्टमध्ये टाका.

पाणी सकाळी द्यावं. रोज थोडं थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा भरपूर दिलेलं चांगलं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खाली जातात. संध्याकाळी भिजवलेलं गवत रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला तेच हवं असतं. पावसाळ्यात लॉनवर तपकिरी गोल चट्टे पडतात तेही बहुधा बुरशीचेच. त्यामागे तीन कारणं असतात: साचलेलं पाणी, जास्त नत्र आणि हवा न खेळणं. जुलैत युरिया टाकला की गवत कोवळं, लुसलुशीत होतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. उरलेला युरिया त्याच रात्रीच्या सरीत वाहून जातो. खत द्यायचंच तर पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात द्या. पाणी साचतं तिथे चर काढून वाट करून द्या. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कंपोस्टमध्ये मिसळून देता येते, पण निचरा सुधारला नसेल तर तिचाही फारसा उपयोग होत नाही.

तण म्हणून आपण ज्यावर चिडतो त्यातलं बरंच काही इथे ताटात येतं. पहिल्या पावसानंतर उगवणारा टायकिळो, ज्याला घाटावर टाकळा म्हणतात, त्याच्या कोवळ्या पानांची ओलं खोबरं आणि फणसाच्या बिया घालून केलेली भाजी गोव्यात घरोघरी होते. कुंपणाकडेला तेरें, म्हणजे रानअळू उगवतं. ज्या आवारात तणनाशक मारलं तिथलं हे काहीही खाता येत नाही आणि शेजारची आजी कुंपणाबाहेरून खुडून नेते तिला तुम्ही काय मारलंय हे ठाऊक नसतं. ग्लायफोसेट या तणनाशकाबाबत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांमार्फतच व्हावा असं म्हटलं आहे. तरी माळी पाठीवर पंप घेऊन येतो आणि आपण त्याला बाटलीत काय आहे ते विचारत नाही. पायवाटेच्या फटींतलं तण उकळत्या पाण्याने मरतं. लॉनमधलं पावसाने माती मऊ असताना मुळासकट हाताने उपटता येतं. हे काम जूनच्या शेवटी, तणाला बी धरायच्या आत केलं तर पुढच्या वर्षी निम्मं होतं.

किडीच्या मागे कोण आहे ते पाहा

कीटकनाशक मारल्यावर कीड काही दिवस नाहीशी होते आणि मग पहिल्यापेक्षा जोरात परत येते. यात औषध भेसळीचं होतं असं नेहमीच नसतं. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांची वीण फार वेगाने होते. त्यांना खाणारे ढालकिडे, क्रायसोपा नावाचे जाळीदार पंखांचे कीटक, कोळी आणि त्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या सावकाश वाढतात. फवाऱ्यात दोघेही मरतात, पण कीड आधी सावरते आणि आता तिला खाणारं कोणी नसतं. म्हणून दुसरी फवारणी लागते, मग तिसरी.

नारळावरच्या पांढऱ्या माशीचं उदाहरण तर अगदी आपल्या किनारपट्टीचं. रुगोज चक्राकार पांढरी माशी ही मूळची मध्य अमेरिकेकडची, भारतात ती पहिल्यांदा २०१६ मध्ये दक्षिणेत आढळली. झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढरी चक्रं दिसतात, खालच्या झाडांवर चिकट पाणी गळतं आणि त्यावर काळी बुरशी चढते. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण संशोधकांचा सल्ला होता की कीटकनाशक मारू नका. एन्कार्सिया नावाची एक इवलीशी गांधीलमाशी या पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर वाढते आणि जिथे फवारणी होत नाही तिथे ती तिला आवरते. झावळ्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी पुष्कळ माश्या खाली पडतात. काळी बुरशी दिसायला वाईट असली तरी ती पानाच्या वर असते, आत शिरत नाही.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची हकीकतही सांगण्यासारखी आहे. तो २००८ मध्ये कोईमतूरला दिसला आणि पपई, तुती, जास्वंद, मिळेल त्यावर पसरला. औषधांनी तो आटोक्यात येईना. २०१० मध्ये बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी प्वेर्तो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू असलेल्या छोट्या गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि त्यांनी तो थोपवला. आज एखाद्या परसात पिठ्या ढेकूण थोडाफार दिसून आपोआप नाहीसा होतो, त्यात या माश्यांचा वाटा असतो. तिथे जहाल औषध मारणं म्हणजे त्यांनाच मारणं.

या मित्रकीटकांना राहायला आणि खायला काही लागतं. त्यातल्या अनेकांची प्रौढ पिढी फुलांतल्या मधावर जगते. अंगणातल्या तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडून टाकू नका, थोड्या फुलू द्या. दुपारी तिथे थांबून पाहा, किती प्रकारचे बारीक कीटक येतात ते दिसेल.

काजू-आंब्यावर पानं शिवून घरटी करणारे हुमले, म्हणजे तांबडे मुंगळे, हेही असेच. काढणीच्या वेळी ते कडकडून चावतात, त्यामुळे त्यांच्यावर राग असतो. पण काजूच्या मोहोरातला रस शोषून तो करपवणाऱ्या ढेकण्याला ते झाडावर टिकू देत नाहीत. काही ठिकाणी ते पिठ्या ढेकणाची राखणही करतात, हेही खरं. तरी दोन्ही बाजू तोलल्यावर काजूच्या झाडावर ते असलेले बरे, असंच माझं मत आहे. घराला टेकलेली फांदी तेवढी छाटून टाका, म्हणजे ते छपरात येत नाहीत.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी असते. ती फुलपाखराची. झाड मोठं असेल तर चार पानं तिला खाऊ द्या. रोप लहान असेल तर उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

शंखी गोगलगाय

पावसाळ्यात गोव्यातल्या बागांचं सगळ्यात जास्त नुकसान बहुधा हीच करते. ही आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यात आणून सोडली गेली आणि तिथून देशभर पसरली. वाढलेल्या गोगलगायीचा टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा शंख १० सेंटिमीटरच्याही पुढे जातो. पपई, केळ, झेंडू, भाजीची रोपं, काहीही ती सोडत नाही. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात आणि एका वेळी ती शंभराहून जास्त अंडी मातीत घालू शकते. म्हणून थोड्या राहिल्या तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेवढ्याच होतात.

तिला नंग्या हाताने कधीच धरू नका. तिच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. हातमोजे किंवा चिमटा वापरा, मुलांना खेळू देऊ नका, आणि परसातली पालेभाजी पावसाळ्यात नीट धुऊन, शिजवूनच खा.

तिला मारण्याची सगळ्यात चांगली वेळ ती दिसायच्या आधीची. उन्हाळ्यात ती शंखाचं तोंड बंद करून दगडांच्या ढिगाखाली, जुन्या कौलांच्या रचणीत, कुंपणाच्या गडग्यात, कुजक्या ओंडक्याखाली पडून राहते. मे महिन्यात पावसाळ्याची तयारी करताना या जागा हलवून पाहिल्या तर एकेका ठिकाणी घोळके सापडतात. पाऊस सुरू झाल्यावर संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, खाली पपईची पानं किंवा कोबीचा पाला ठेवा. पहाटे गोणपाट उलटलं की त्या जमलेल्या असतात. दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत त्या टाका, मेल्या की विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरा. मातीत ४-५ मिलिमीटरची पिवळसर पांढरी अंडी पुंजक्याने दिसली तर तीही चिरडून टाका. हे काम एका घराने करून पुरत नाही. वाड्यावरची चार-पाच घरं एकाच आठवड्यात उतरली तरच फरक जाणवतो.

मीठ थेट मातीवर टाकू नका, माती नासते आणि गोगलगाय शेजारच्या वाफ्यात जाते. दुकानात गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. त्या कुत्र्यांना खाव्याशा वाटतात आणि खाल्ल्या तर झटके येऊन कुत्रं दगावू शकतं. मोकळी कुत्री फिरणाऱ्या आपल्या गावांत त्या टाकूच नयेत. पश्चिम घाटात स्थानिक गोगलगायीही आहेत, लहान आणि निरुपद्रवी. शंखाचा आकार आणि पट्टे पाहूनच उचला.

भारद्वाज ही गोगलगाय आवडीने खातो. त्याला लपायला दाट झुडपं लागतात. सगळं कुंपण तासून त्याजागी सिमेंटची भिंत बांधली की तो दुसरीकडे जातो. म्हणून परसाचा एक कोपरा थोडा रानटी राहू द्यावा.

मातीतल्या अळ्या

लॉनचा एखादा तुकडा पिवळा पडला आणि ओढल्यावर मुळांशिवाय सहज सुटून आला, तर खाली हुमणी असण्याची शक्यता आहे. फूटभर चौरस उकरून पाहा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या एक-दोन पांढऱ्या अळ्या दिसल्या तर काही करू नका, साळुंक्या आणि बगळे त्यांचं बघून घेतील. पुष्कळ असतील तर पुढच्या जूनची वाट पाहा. पहिल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे अंधार पडताच बाहेर येतात. त्या दिवसांत संध्याकाळी दोन तास दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं की त्यात ते पडतात. दिवा रात्रभर नको, निरुपद्रवी पतंगही मरतात. मेटारायझियम नावाची बुरशी कुजलेल्या खतात मिसळून ओल्या मातीत दिली तर अळ्यांना रोग होतो.

नारळाचा गेंड्या भुंगा खतखड्ड्यात आणि कुजक्या माडाच्या ओंडक्यात वाढतो. झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसू लागल्या की वर पाहण्याआधी आपला आणि शेजारचा खतखड्डा पाहा. खत दर काही आठवड्यांनी उलथं करा, अळ्या कोंबड्यांना घाला, आणि मेटारायझियम इथेही द्या.

हुमणीवर गावात अजूनही ‘थिमेट’ सुचवलं जातं. थिमेट म्हणजे फोरेट. त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुन्या पोत्यात शिल्लक असेल तर हात लावू नका.

वाळवी

वाळवीबाबत भीती जास्त आणि समज कमी. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, तिच्या गाभाऱ्यातली रोयण, म्हणजे ते वारूळ, आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. जमिनीच्या सुपीकतेचा आणि वारुळाचा संबंध पूर्वजांनी ओळखला होता असं मला मनापासून वाटतं. वाळवी मेलेलं लाकूड आणि पाला खाते आणि त्यांची माती करते. आंब्याच्या सालीवर मातीचा थर दिसला तर ती बहुधा मेलेली साल खात असते. ब्रशने थर झाडा, एवढं पुरतं. परसातलं वारूळ घरापासून लांब असेल तर राहू द्या.

घरात मात्र ती नको हे खरंच. ती घरात येते दोन गोष्टींमुळे: ओल आणि जमिनीला टेकलेलं लाकूड. म्हणून आधी हे शोधा: कुठलं कौल गळतं, कुठल्या नळाजवळ भिंत ओली आहे, दाराची चौकट मातीला टेकते का, सरपणाचा ढीग भिंतीला लागून आहे का. वर्षातून दोनदा, विशेषतः पावसानंतर, जोत्यावर मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहा. नळी फोडून ठेवा. दोन दिवसांत पुन्हा बांधली गेली तर आत वाळवी जिवंत आहे.

वासे-रिपांपर्यंत ती पोचली असेल तर माहीतगार माणसाला बोलवावं लागेल. त्याला विचारा: औषधाचं नाव काय, लेबल दाखवा, जमिनीत भोकं पाडून सोडणार की फक्त लाकडावर लावणार, आणि माझी विहीर इथे आहे, मग काय कराल? वाळवीसाठी जमिनीत सोडल्या जाणाऱ्या औषधांपैकी इमिडाक्लोप्रिड पाण्याबरोबर सरकू शकतं आणि फिप्रोनिल मधमाश्यांना व पाण्यातल्या जिवांना अत्यंत घातक आहे. विहिरीजवळच्या जोत्यात भोकं पाडून असं औषध सोडू देऊ नका. लाकडाला बोरेटचं द्रावण लावणं हा तुलनेने सौम्य पर्याय आहे, फक्त ते लाकूड पुढे पावसात भिजता कामा नये.

डास आणि उंदीर

धुरळणीने तेव्हा उडत असलेले डास मरतात, अळ्या नाही. डेंग्यूचा डास साध्या साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात नवे डास तयार होतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा, ताडपत्रीच्या घड्या, सुपारीच्या पडलेल्या विऱ्या रिकाम्या करा. भांडं नुसतं ओतू नका, आतून घासा, कारण अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहूनही काही महिने टिकतात. टाकीला घट्ट झाकण आणि जाळी हवी.

विहिरीसाठी गोव्याचा स्वतःचा अनुभव आहे. मलेरिया संशोधकांनी १९९० च्या दशकात इथे डासांच्या अळ्या खाणारे स्थानिक छोटे मासे आणि बीटीआय नावाचा जिवाणू वापरून प्रयोग केले. बीटीआय डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या काही माश्यांच्या अळ्यांनाच बाधतो. गप्पी मासे परदेशी आहेत, ते व्हाळात किंवा तळ्यात सोडू नका.

उंदरांसाठी सापळा लावा. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो. त्याला खाणारं घुबड, धामण किंवा शेजारची मांजर यांनाही ते विष बाधू शकतं.

घरगुती म्हणजे निर्धोक नव्हे

कडुनिंबाचं तेल चांगलं आहे. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर तेल आणि ते मिसळायला थोडा सौम्य द्रव साबण घ्या. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी पाहा, मग संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात त्याचा परिणाम लवकर संपतो, म्हणून आठवड्याने पुन्हा द्यावं लागतं. करंज तर आपल्याच नदीकाठचा, त्याची पेंड मातीत घालता येते.

मात्र तंबाखूचा काढा करू नका. त्यातलं निकोटिन जहाल विष आहे आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. रॉकेलही मातीत ओतू नका. आणि मुंग्यांचा खडू साधा खडू नसतो, त्यात कृत्रिम पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं. माशांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरतं, त्यामुळे मासळीच्या तळ्याजवळ किंवा व्हाळाकाठी तसली कोणतीही फवारणी नको.

बाजारातलं काही घ्यावंच लागलं तर लेबलावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात कमी विषारी तो हिरवा. पण ही वर्गवारी ते माणसाच्या पोटात किंवा कातडीतून गेलं तर किती घातक, यावर ठरते. हिरवा त्रिकोण असलेलं औषध मधमाश्यांना आणि माशांना मारू शकतं. पाऊस येणार असेल त्या दिवशी, आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असताना मारू नये. कीड ओळखता येत नसेल तर पान पिशवीत घालून आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात न्या. जुन्या गोव्यात एला इथे किनारी शेतीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे आणि तिथेच उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्रही. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा तिथला सल्ला घेतलेला बरा, कारण त्यांना तुम्हाला काही विकायचं नसतं.

आणि खोपीत पडून असलेल्या जुन्या बाटल्या. त्या मोरीत, संडासात किंवा व्हाळात ओतू नका, जाळू नका, धुऊन दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. कीटकनाशकांचे डबे हा घातक कचरा असतो, म्हणून पंचायतीत किंवा पालिकेत विचारून ते वेगळे द्या. तोवर मूळ लेबलासकट, झाकण घट्ट लावून कुलपात ठेवा. कोणाच्या पोटात गेलंच तर ओकारी काढायला लावू नका, लगेच १०८ ला फोन करा आणि ते लेबल डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.